हात्सुए आजीची बोलणी

हात्सुए आजीची बोलणी खाल्ली नाहीत, असा माणूस कामिओसे गावात शोधूनही सापडला नसता. अपवाद एकच होता, आणि तो सहा फूट दोन इंच उंच होता.

गाव ते केवढं! डोंगराच्या पोटाशी अकरा घरं, त्यांतली दोन बंद. एक्याऐंशी वर्षांची हात्सुए आजी मधल्या घरात राहायची आणि तिथून अख्ख्या गावावर तोंडसुख घ्यायची. पोस्टमन चुकून दुसऱ्याचं पत्र टाकून गेला, की त्याला वळणावरून परत बोलावून झाडायची. गावप्रमुख सादायोशी, म्हणजे बहात्तर वर्षांचा बाप्या, पण त्यालाही नातवंडांदेखत ऐकवायची, "तुझ्या आईनं तुला लाडावून ठेवलं, त्याची फळं आम्ही भोगतोय." भोपळ्याच्या वेलावर येणाऱ्या माकडांनाही ती शिव्या घालायची. सादायोशीपेक्षा माकडं जास्त ऐकतात, असं गावात बोललं जायचं.

हॉवर्ड समोर आला, की मात्र हीच जीभ मधात घोळून यायची. "अहो हॉवर्डसान, काय सुरेख काड्या धरता हो तुम्ही! आमच्या पोरांना नाही जमत." बावीस वर्षं तो तिच्यादेखत काड्यांनी जेवत होता आणि बावीस वर्षं आजीला त्याचं नवल वाटत होतं.

हॉवर्ड अमेरिकेतल्या नेब्रास्काचा, मक्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. एकतिसाव्या वर्षी जपानात, इथल्या खालच्या शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून एक वर्षासाठी आला. त्या एका वर्षाची सव्वीस झाली. चार वर्षांनी कामिओसेच्या चिझुरुशी लग्न झालं आणि तो तिच्या माहेरच्या घरात, म्हणजे सरळ सांगायचं तर घरजावई म्हणून, राहायला आला. चिझुरु खालच्या दवाखान्यात औषधं द्यायची. तो आठवड्यातून दोन दिवस शिकवायचा, आणि उरलेले दिवस अंगणातल्या छपराखाली लोकांची शेतीची यंत्रं उघडून बसायचा.

आणि तो सुखात होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. परदेशी राहणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटली, की लोक डोळे पुसायला पदर शोधतात. हॉवर्डचं तसं काही नव्हतं. संध्याकाळी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं, जेवणाला चिझुरुच्या हातची भाजलेली मासळी, जूनमध्ये खाचरातल्या बेडकांचा गोंगाट. आणखी काय पाहिजे? आईच्या अंत्यविधीला तो नेब्रास्काला गेला होता, तेव्हा भावाच्या दारात त्यानं सवयीनं बूट काढले. भाऊ, रॉय, म्हणाला, "राहू दे रे, तुला कोण काढायला सांगतंय इथं?" मग सगळ्यांनी मिळून त्याला चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि जपानच्या गमती विचारल्या. धोब्याच्या कुत्र्याची गत, ना घरचा ना घाटचा, असं म्हणावं तर तेही खरं नाही. त्याला दोन्हीकडे भाकरी मिळत होती, तीही तूप लावून.

पण सलत होतं ते तूपच.

गावातल्याच कुनिहारुनं सादायोशीची शिडी तीन वर्षांपूर्वी नेली होती, ती अजून त्याच्याच गोठ्याला टेकून उभी होती. त्यावरून दोघं वर्षातून दोनदा भांडायचे आणि मग एकत्र दारू प्यायचे. हॉवर्डनं मात्र कुणाचं यंत्र दुरुस्त करून दिलं, की दिवस मावळायच्या आत त्याच्या दारात अंडी किंवा पर्सिमनची फळं हजर. वर कमरेत वाकून चार वेळा आभार. गटार साफ करायचा दिवस आला, की म्हणायचे, "हॉवर्डसान, तुम्ही कशाला, थंडी आहे." वर्षअखेरीला मोची, म्हणजे नव्या वर्षाच्या नैवेद्याचा चिकट भात, कुटायची असायची, तेव्हा तर हद्द व्हायची.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला सगळं गाव आजीच्या अंगणात जमायचं. एकोणतीसला नाही, तो दिवस अशुभ. चिकट तांदळाचा वाफाळता भात लाकडी उखळात ओतायचा आणि लांब दांड्याच्या जड मोगरीनं तो कुटायचा, पार लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. एक जण मोगरी मारतो, आणि दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात ओला हात उखळात घालून भाताचा गोळा उलटतो. मारणारा कुनिहारु, उलटणारी हात्सुए आजी. चाळीस वर्षं त्यांची जोडी होती. घाव आणि हात यांच्यात डोळ्याची पापणी लवण्याइतकंच अंतर. त्यात हॉवर्डचा वाटा किती? तीन घाव. डोक्याला फडकं बांधून त्याला उभं करायचे, आजी हात मागे घेऊन लांब सरकायची, सगळे मोठ्यानं आकडे म्हणायचे, टाळ्या, फोटो. मग त्याला शेगडीजवळ बसवायचे आणि हातात संत्रं द्यायचे. शेजारी बाकीचे पाहुणे आणि पाच वर्षांखालची मुलं.

बावीस वर्षं तो ते संत्रं सोलत होता.

त्या वर्षी डिसेंबरात बर्फ उपसताना कुनिहारुची पाठ धरली. डॉक्टरांनी महिनाभर काठी आणि पट्टा दिला. गावाची बैठक बसली. सादायोशी घसा साफ करून म्हणाला, "आजकाल यंत्र मिळतं. बटण दाबलं, की वीस मिनिटांत—"

"यंत्रात कुटलेलं देवापुढे ठेवणार?" आजी म्हणाली. "मग नमस्कारालाही यंत्रच बसव. तू घरी झोप."

"मग मारणार कोण, आजी? माझा खांदा वर जात नाही. बाकीचे सगळे सत्तरीच्या पुढचे."

"मी मारतो," हॉवर्ड म्हणाला.

सादायोशीनं मान तिरकी केली आणि दातांमधून लांबलचक हवा आत ओढली. हा आवाज हॉवर्डला पाठ होता. 'नाही' हा शब्द न उच्चारता नाही म्हणायची ती रीत. सादायोशीची बायको फुमिए लगेच म्हणाली, "बाई गं, केवढा तो त्रास तुम्हाला!" दुसरं कुणी म्हणालं, सकाळी फार गारठा असतो. आजीनं चहाच्या कपात पाहिलं. ठरलं काहीच नाही, पण हॉवर्डचं ठरलं होतं ते सगळ्यांना कळलं.

घरी जाताना तो चिडला होता. चिडला, की तो लांब ढांगा टाकायचा आणि चिझुरुला पळावं लागायचं.

"एवढा काय मी दुबळा? शेतावर कुंपणाचे खांब ठोकत वाढलो मी."

"दुबळा नाही रे," चिझुरु धापा टाकत म्हणाली. "त्यांना उखळाची भीती वाटते." आणि लगेच तिनं ओठ चावला.

"कसली भीती?"

आता सांगावंच लागलं. "पहिल्या वर्षी तू मारलास ना, तो घाव कडेवर बसला. लाकडाचे कपचे उडाले, भातात गेले. तो अख्खा घाणा टाकावा लागला. माझ्या आईनं कोंबड्यांना घातला."

हॉवर्ड रस्त्यात थांबला. त्याला तो दिवस चांगला आठवत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आजी म्हणाली होती, केवढी ताकद!

"आणि कुणी मला सांगितलं नाही?"

"तुला कसं सांगणार?"

"तू तरी?"

"आपलं नुकतंच लग्न झालेलं. मला वाटलं, रागावून निघून जाशील."

त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. कुनिहारुच्या हातून असं झालं असतं, तर आजीनं त्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला असता. याच्यावर मात्र गावानं बावीस वर्षं पांघरूण घातलं होतं. यंदा आपणहून मागितलं नाही, तर पुढच्या वर्षी यंत्र येईल, आणि शेगडीजवळची ती जागा मरेपर्यंत आपली, हे त्याला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजीच्या अंगणात गेला. आजी वळचणीखाली मुळे वाळत घालत होती. तो कमरेतून पूर्ण वाकला.

"आजी, उखळाबद्दल माफी मागायला आलोय. उशीर झाला. बावीस वर्षं."

"कुठलं उखळ?" आजी गोड हसली. "तुमचं आपलं काहीतरीच. बसा, चहा टाकते."

"चहा नको. मला रागवा."

आजीच्या हातातला मुळा तसाच राहिला. "अगं बाई! पाहुण्याला कुणी रागावतं का?"

"पाहुणा बावीस वर्षं राहतो का, आजी? आमच्या नेब्रास्कात पाहुण्याला तिसऱ्या दिवशी गोठा झाडायला लावतात."

आजी हसली नाही. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, जसं बाजारात मासळी घेताना पाहायची. मग म्हणाली, "हात दाखवा." हॉवर्डनं तळवे पुढे केले. ग्रीसनं काळे झालेले, घट्टे पडलेले. तिनं अंगठ्यानं ते दाबून पाहिले.

"अठ्ठावीसला सकाळी सात. नखं कापून या."

सादायोशीला तिनं कसं पटवलं, हे कुणाला कळलं नाही. त्याला पटवण्याच्या भानगडीत ती पडली असेल, असंही नाही.

अठ्ठावीस उजाडली. अंगणात चुलीवर भात वाफवायच्या लाकडी पेट्या एकावर एक चढवलेल्या, त्यांतून वाफ निघत होती. कुनिहारु काठी घेऊन खुर्चीवर बसला होता, आणि चेहरा असा, जणू त्याच्याच घरात चोर शिरतोय आणि त्याला उठता येत नाहीये. चिझुरु फुमिएबरोबर पिठाच्या परातीशी उभी होती, पण तिचं लक्ष परातीत नव्हतं.

पहिला घाणा उखळात पडला. आधी मोगरीनं नुसता दाबून मळायचा असतो, ते हॉवर्डनं नीट केलं. मग आजी उखळाशी गुडघ्यांवर बसली, कोमट पाण्यात हात बुडवला आणि म्हणाली, "हं."

हॉवर्डनं मोगरी उचलली. खाली तो हात दिसत होता. सुरकुतलेला, लहानसा, करंगळी वाकडी. मोगरी खाली आली ती इतकी हलकी, की भातावर नुसती टेकली. हात आत गेला, गोळा उलटला, बाहेर आला. पुन्हा टेकली. पुन्हा.

"वा वा, छान!" सादायोशी म्हणाला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आजीनं दहा घाव सोसले. मग तिचं तोंड सुटलं.

"बाळाला थोपटतोयस का?"

टाळ्या थांबल्या.

"भात गार होतोय! कुठं बघतोयस?"

"तुमच्या हाताकडे," हॉवर्ड म्हणाला.

"माझा हात माझा मी बघते! एक्याऐंशी वर्षं सांभाळलाय. तू भाताकडे बघ. उखळात हात मी घातलाय, आणि मुसळाला घाबरतोयस तू? मार!"

त्यानं मारलं. मोगरी धप्पकन भातात रुतली, हात आत गेला, बाहेर आला. पुन्हा धप्प. पाचसहा घाव असे बसले, की कुनिहारुची काठी आपोआप ताल धरायला लागली. हॉवर्डला वाटलं, आलं, हातात आलं. आणि असं वाटलं की माणूस चुकतोच. सातवा घाव जरा अलीकडे पडला. कडेवर. खाडकन आवाज झाला आणि लाकडाचा एक कपचा उडून भातात गेला.

सगळे उखळाच्या कडेकडे बघायला लागले. चुलीवरची वाफ तेवढी चालू होती.

"हरकत नाही, हरकत नाही!" सादायोशी घाईघाईनं पुढे आला. फुमिए म्हणाली, "होतं असं कधी कधी, हॉवर्डसान. तुम्ही जरा शेगडीपाशी बसा, संत्रं घ्या—"

"हरकत कशी नाही?" आजी ओरडली. "सासऱ्यांच्या वेळचं उखळ आहे ते! खबरदार, कुणी संत्रं दिलं तर! अरे ए रेड्या, उभा काय राहिलास? शोध तो कपचा. कण न् कण बोटानं काढायचा. कुणाच्या घशात लाकूड गेलं, तर तुझ्या दारात आणून बसवीन त्याला! मागच्या वेळी एक अख्खा घाणा कोंबड्यांच्या पोटात घातलास. कोंबड्या आठ दिवस अंड्यावर बसेनात. तेव्हाच कान उपटायला हवे होते तुझे. पण उंच पडलास, हात पोचला नाही!"

हॉवर्ड गुडघ्यांवर बसला आणि गरम भातात बोटं घातली. चटके बसत होते. वाफ थेट डोळ्यांत जात होती, त्यामुळे डोळे कशानं भरलेत ते कुणाला कळायला मार्ग नव्हता. चिझुरुला कळलं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. सादायोशीनं घसा साफ केला. "विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तुमच्या बाटल्यांची झाकणं. कचऱ्यात बाटली वेगळी, झाकण वेगळं टाकायचं असतं. बावीस वर्षं दर गुरुवारी पहाटे मी तुमची झाकणं काढतोय."

"आणि शिट्टी!" कुनिहारु खुर्चीतून म्हणाला. "सकाळी यंत्राशी बसलात, की शिट्टी वाजवता. एकच गाणं, आणि तेही अर्धं! पुढचं येत नसेल, तर सुरू कशाला करता? माझा दिवसभर जीव टांगणीला लागतो."

"गवत," फुमिए हळूच म्हणाली, आणि मग एकदम जोरात, "उन्हाचा दिवस पाहून मी गाद्या बाहेर घालते, आणि नेमकं तेव्हाच हे बांधावरचं गवत कापतात! रात्री मिस्टर अंग खाजवत बसतात."

"टॉवेल ओला—" चिझुरुनं सुरुवात केली.

"तो घरचा मामला," आजी म्हणाली. "इथं गावाचं चाललंय."

सगळे बोलत होते. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. हॉवर्ड भातात बोटं फिरवत प्रत्येकाला "हो", "चुकलं", "गुरुवारी, बरं" म्हणत होता, आणि चेहऱ्यावर असं हसू, की कुनिहारुला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. कपचा सापडला. मग आणखी एक बारकीशी सालही सापडली. आजीनं दोन्ही उजेडात धरून कडेच्या खाचेला लावून पाहिली, हिशेब जमला.

"आता तू बोल," ती म्हणाली.

"मी?"

"बावीस वर्षं राहतोस. आमचं काहीच खटकलं नाही तुला? सगळं छान, सगळं गोड, सारखा मान हलवत असतोस. आम्ही तुला पाहुणा केला म्हणतोस, आणि तू काय केलंस? आम्हाला यजमान करून ठेवलंस. वर्षभर पाहुणचार करून माणूस दमत नाही होय?"

हॉवर्डची बोटं थांबली. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नेब्रास्कातही तो असाच वागायचा आताशा, रॉयच्या बायकोचा जळका केक दोनदा मागून घेतला होता. कुठेच कुणाला बोल लावायचा नाही, म्हणजे कुठूनच कुणी काढायला नको. त्यानं वर पाहिलं. सगळे वाट बघत होते.

"सकाळी सहाचा भोंगा," तो म्हणाला. "गावचा. सहाला गाणं, मग सूचना, मग परत गाणं. मी उशीत डोकं खुपसून झोपतो."

सादायोशी लाल झाला. भोंग्याचं बटण तोच दाबायचा, आणि गाणंही त्यानंच निवडलेलं. "चांगलं गाणं आहे ते," तो कसाबसा म्हणाला.

"मग अर्ध्यावर तोडा," कुनिहारु म्हणाला, "म्हणजे ह्यांना कळेल!" आणि पाठ धरून हसायला लागला.

"आणखी?" आजीनं विचारलं.

हॉवर्डनं चिझुरुकडे पाहिलं. चिझुरुनं 'नको, नको' अशी मान हलवली.

"आजी, तुमचं मुळ्याचं लोणचं," तो म्हणाला, "फार खारट असतं."

आजीचं तोंड उघडंच राहिलं.

"खारट?"

"फार."

"मग दर वेळी डबा चाटूनपुसून परत कसा यायचा?"

"खायचो. टाकणार कसं?"

"अरे गाढवा! डबा रिकामा येतोय, म्हणजे याला आवडतंय, म्हणून मी दर वर्षी वाढवून पाठवत होते! माझ्या सुनेला दोन मुळे कमी देऊन तुझ्या डब्यात भरत होते!"

सून चुलीमागून म्हणाली, "बरं झालं माझं." मग मात्र अख्खं अंगण हसत सुटलं. सादायोशीही हसला. चिझुरु पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती, तोंडभर पांढरं झालं.

"पुरे," आजी म्हणाली. "पाच घाणे बाकी आहेत."

सादायोशी काळजीनं पुढे झाला. "आजी, आता कडेला खाच पडलीय. बाकीचं यंत्रानं—"

"यानं बिघडवलंय, हाच निस्तरेल." तिनं पाण्यात हात बुडवला. "खारट म्हणालास काय? आता दाखवते. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

हॉवर्डनं मोगरी उचलली, आणि ती डोक्याच्या वर असतानाच आजीनं हात उखळात घातला. वर पाहिलंसुद्धा नाही. चुलीकडे मान वळवून ती सुनेला दुसरी पेटी उतरवायला सांगत होती.

दुपारपर्यंत सहाही घाणे झाले. देवापुढच्या जाड चकत्या थापून झाल्या, घरोघरचे वाटे झाले. हॉवर्डचे खांदे भरून आले होते. तो मोगरीला टेकून उभा राहिला आणि आता सगळे येऊन वाकतील, आभार मानतील, म्हणून सवयीनं त्यानं स्वतःही वाकायची तयारी ठेवली.

कुणी आलं नाही. कुनिहारु फुमिएच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत गेला, शिडीवरून सादायोशीशी भांडत. बायका आपापली तबकं घेऊन उतरल्या. चिझुरुही निघाली आणि जाता जाता म्हणाली, "मी पुढे होते. येताना चुलीतली राख काढून ये." आजीनं चपला पायात सरकवल्या, दाराशी जाऊन वळली.

"उखळ धुऊन पालथं घाल. गरम पाण्यानं नको, तडकेल. आणि उन्हात ठेवलंस तर बघ!"

दार लागलं. हॉवर्डनं बाह्या वर केल्या, विहिरीचं गार पाणी काढलं आणि घासायला बसला. पाण्यानं हात बधिर होत होते, भात कडेच्या खाचेत घट्ट चिकटला होता, आणि मदतीला कुत्रंही नव्हतं.